मदत हवी आहे: नवीन ड्रायव्हर टेस्ट करायला घेतला, सर्व्हर उठतच नाहीये

रात्रपाळी: रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) नवीन ड्रायव्हर टेस्ट करायचाय म्हणून लोडरमध्ये (बूट करणारा प्रोग्रॅम) त्याचा ट्युनेबल, म्हणजे बूटच्या वेळची सेटिंग, १ केला आणि रीबूट मारला, तर अर्ध्यात अडकलाय. जुन्यावर सगळं व्यवस्थित चाललं होतं. ड्रायव्हरमध्येच बग आहे ना? सकाळी रिपोर्ट द्यायचाय, लवकर सांगा कोणीतरी.

टर्मिनल_ताई: ओएस कुठली, कार्ड कुठलं, अर्ध्यात म्हणजे नेमकं कुठे? शेवटच्या चार ओळी टाका की इथे.

झेडवाला: हार्डवेअर रेड काढून फेका. कार्ड आयटी मोडला (स्वतः रेड न करता डिस्क थेट दाखवणारा) फ्लॅश करा आणि झेडएफएस (रेड स्वतःच सांभाळणारी फाइलसिस्टम) घाला, मी कधीच केलं, सुखात आहे.

रात्रपाळी: फ्रीबीएसडी, अजून काय असणार. मेगारेड ९२७१, जुना ड्रायव्हर एमएफआय काढून नवीन एमआरसॅस. माउंटरूटच्या प्रॉम्प्टवर (रूट फाइलसिस्टम कुठे आहे ते विचारतो तिथे) उभा आहे, त्याच्या वर एरर १९. आणि झेडएफएसचं नंतर बघू हो, आधी मशीन उठू दे.

कर्नलकाका: फाइलसिस्टम यूएफएस का? प्रॉम्प्टवर नुसतं प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर मार, काय यादी येते ते सांग.

पेंग्विन: लिनक्सवर हे होतच नाही, डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक असतो.

टर्मिनल_ताई: एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) हाताने एसडीए१ असं डिस्कचं नाव लिहून ठेवलं की तिथेही होतं, उगाच काय.

रात्रपाळी: हो यूएफएस. यादीत डीए० आहे, डीए०पी१, पी२, पी३. एमएफआयडी० कुठेच नाही. डिस्क गेली का??

कर्नलकाका: काही गेलेलं नाही. एमआरसॅस डिस्क कॅममधून (फ्रीबीएसडीची डिस्कांची सामायिक यंत्रणा) दाखवतो म्हणून नाव डीए० झालं, जुना एमएफआयडी० म्हणायचा, आणि तुझा एफएसटॅब अजून जुनंच नाव शोधतोय. एरर १९ म्हणजे त्या नावाचं डिव्हाइसच नाही, ड्रायव्हर बिचारा नीट चाललाय. आता प्रॉम्प्टवर झटापट करू नकोस. रीबूट कर, मेन्यूतून लोडर प्रॉम्प्टला जा, तोच ट्युनेबल सेट करून ० दे आणि बूट कर, जुना ड्रायव्हर येईल. मग जीपार्ट मॉडिफाय या कमांडने पार्टिशनांना लेबल दे आणि एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावाऐवजी सगळीकडे तेच जीपीटी लेबल लिही, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी चालेल, स्वॅपची ओळ विसरू नकोस. माउंट असलेल्या पार्टिशनचं लेबल लगेच दिसणार नाही, रीबूटनंतर येतं, त्याला घाबरू नकोस.

झेडवाला: झेडएफएसला नावं बदलली तरी फरक पडत नाही, पूल आपोआप सापडतो. सांगत होतो मी.

कर्नलकाका: त्या कार्डाला अधिकृत आयटी फर्मवेअर आहे का ते आधी बघ, मग सांग.

बेंचमार्क_बंड्या: स्पीडसाठी डीडी (कॉपी करायची कमांड) वापरू नका, झीरो लिहून काही कळत नाही. एफआयओ (डिस्क टेस्ट करायचा प्रोग्रॅम) घ्या, आयओडेप्थ ३२ (एकावेळी ३२ मागण्या), डायरेक्ट १ (ओएसची कॅश टाळून).

टर्मिनल_ताई: स्पीड विचारलाय कोणी? ड्रायव्हर टेस्ट करायचा तर एफआयओला व्हेरिफाय सीआरसी३२सी लावा, लिहिलेलं तसंच परत येतंय का ते आधी बघा. मग लोड चालू असताना रेडमधली एक डिस्क ओढून काढा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज) टाइमआउट, रीसेट येतात का ते बघत बसा. अर्थात बॅकअप असेल तर, आणि रेड शून्य नसेल तर, त्यात एक डिस्क गेली की सगळा डेटा जातो.

बेंचमार्क_बंड्या: स्पीड कमी असेल तर नवीन ड्रायव्हर घ्यायचाच कशाला?

रात्रपाळी: उठला काका! लेबलं टाकली, एमआरसॅसवर बूट झाला, एफआयओ व्हेरिफाय सुरू केलंय. पण एमएफआययुटिल (रेडची अवस्था दाखवणारा प्रोग्रॅम) आता कार्डच नाही म्हणतंय, ही काय नवीन भानगड? डिस्क ओढली तर रेडची अवस्था बघू कशात?

कर्नलकाका: तो जुन्या ड्रायव्हरशी बोलतो. त्याऐवजी कार्डवाल्या कंपनीचा स्टोरसीएलआय टाक. अलर्टची स्क्रिप्ट एमएफआययुटिलवर असेल तर तीही बदल, नाहीतर डिस्क मेली तरी मेल यायचा नाही. आणि कार्डाची बॅटरी ठीक आहे का तेही बघून घे, नाहीतर राइट कॅश बंद होईल आणि आकडे पडले की परत ड्रायव्हरवरच खापर.

पेंग्विन: स्टोरसीएलआय लिनक्सवरही चालतं बरं का.