अंतराळ कंत्राटातील उपकंत्राटांची नोंद शेवटच्या वर्कशॉपपर्यंत जावी का?

वाळूजचा लघुउद्योजक : अमेरिकेत नासाचे मोठे कंत्राट घेणाऱ्या कंपनीने लहान उद्योगांना किती काम दिले, याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो आणि ठरावीक रकमेपुढच्या पहिल्या पायरीवरील उपकंत्राटदाराचे नावही जाहीर होते. आपल्याकडे २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये अंतराळ प्रकल्पाचे ब्रॅकेट तयार होतात, पण काम तिसऱ्या हाताने येते; चलनावर फक्त वरच्या कंपनीचे नाव असते आणि मागचे बिल पाच महिन्यांनी निघाले. मुख्य कंत्राटदाराने शेवटच्या वर्कशॉपपर्यंतची नावे आणि बिले चुकती केल्याच्या तारखा कळवणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

जालन्याचा लेखापाल : भाऊ, तुमचे दुखणे खरे आहे, पण औषध चुकते आहे. मुख्य कंत्राटदाराचा करार पहिल्या पायरीशीच असतो, त्यामुळे खालची माहिती गोळा करण्याचे काम पायरी-पायरीने उतरत शेवटी पाच कामगारांच्या वर्कशॉपच्याच गळ्यात पडेल. ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा २००६ पासून आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. तरीही माझे अशील तक्रार करत नाहीत, कारण पुढचे काम जाईल ही धास्ती असते. अहवालात नाव आले म्हणून ती जाणार नाही.

चिकलठाण्याचा निवृत्त गुणवत्ता निरीक्षक : मुद्दा फक्त पैशाचा नाही. धातूच्या बारच्या टोकावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या ज्या वितळणीतून तो बार निघाला तिचा क्रमांक, ठोकलेला असतो. करवतीवर तुकडे पडले की नंबर एकाच तुकड्यावर राहतो आणि बाकीचे निनावी होतात. कामासोबत फिरणाऱ्या रूट कार्डावर नंबर उतरवला नाही, तर चाचणीचे सर्टिफिकेट कोणत्या तुकड्याचे, हे कुणालाच सांगता येत नाही. २००९ आणि २०११ मध्ये टॉरस एक्सएल रॉकेटचे नाकाडावरचे आवरण सुटले नाही आणि नासाचे दोन उपग्रह गेले. ॲल्युमिनियम पुरवणाऱ्या सापा प्रोफाइल्सने चाचण्यांचे आकडे खोटे लिहिल्याचे नासाने २०१९ मध्ये सांगितले. नुकसान ७० कोटी डॉलरहून अधिक होते.

जालन्याचा लेखापाल : सर, हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तो पुरवठादार अज्ञात नव्हता, सर्टिफिकेटही फायलीत होते आणि खोटेपणा १९ वर्षे चालला. तिथे कमी पडली ती नमुना स्वतः तपासण्याची शिस्त. त्यावर खर्च करा.

वाळूजचा लघुउद्योजक : तपासणी हवीच, पण नमुना कुणाकडून घ्यायचा हे आधी ठाऊक असायला नको का? मी वेगळा फॉर्म मागत नाही. प्रत्येक चलनावर मूळ कंत्राटाचा क्रमांक आणि आमचा उद्यम क्रमांक (लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) एवढी एक ओळ पुरे. पुढची जुळवाजुळव मुख्य कंत्राटदाराने करावी.

जालन्याचा लेखापाल : एका ओळीला माझा विरोध नाही. पण गोपनीयतेच्या करारावर बोट ठेवून वरची कंपनी तो क्रमांक तुम्हाला देणार नाही. तेव्हा तो देण्याची अट सरकारने मूळ निविदेतच घातली पाहिजे.