धास्ती देवाची नाही, जमलेल्या माणसांची

मार्क्सनं धर्माला अफू म्हटलं म्हणून कम्युनिस्ट सरकारं धर्मपंथांना घाबरतात, हे मत मला अपुरं वाटतं. चीनमध्ये पाच धर्मांना सरकारी मान्यता आहे. पक्षाला न विचारता माणसं एकत्र येतात, धास्ती त्याची आहे.

आमच्या लोणंद-फलटण भागातून माउलींची पालखी जाते. समाजआरतीला चोपदारानं चोप उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच वाजत राहतात, आणि ती तिथल्या तिथे ऐकली जाते. ही घडी आरफळच्या हैबतबाबांनी बसवली, सरकारनं नाही. अशी शिस्त एकपक्षीय सत्तेला कशी सोसेल?

२५ एप्रिल १९९९ला बीजिंगमध्ये फालुन गोंग या ध्यान-व्यायामाच्या पंथाचे सुमारे १०,००० साधक झोंगनानहाय या सत्ताकेंद्राबाहेर शांतपणे उभे राहिले. जुलैत बंदी, पाठोपाठ धरपकड. नुसत्या उभं राहण्याची ही शिक्षा मला तरी अक्षम्य वाटते.

तेव्हाच्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये १९७९ला पोप जॉन पॉल दुसरे आले, लाखो लोक जमले. पुढच्याच वर्षी सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली (भाववाढही होतीच). शिवाय चीनला तैपिंग बंडाचा इतिहास आहे: १८५० ते १८६४, सुरुवात एका धर्मपंथातून, बळी कोट्यवधी.