चढावर नॉकिंग होते, टायमिंग मागे घेतले तर इंजिन ओढत नाही

प्रश्न

माझ्याकडे चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) असलेले जुने पेट्रोल इंजिन आहे. पॉइंट व कंडेन्सर नवीन बसवले, पॉइंटमधील गॅप फीलर गेजने ०.४ मिमी ठेवला आणि मॅन्युअलप्रमाणे आयडलिंगला टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या स्थितीच्या) आधी १० अंश असे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, लावून जुळवले. सपाट रस्त्यावर तक्रार नाही. मात्र चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याने होणारा ठकठक आवाज) स्पष्ट ऐकू येते. टायमिंग ४ अंशांपर्यंत मागे घेतले की आवाज थांबतो, पण पिकअप जातो आणि इंजिन जास्त तापते. शिवाय आयडलिंगला पुलीवरची खूण एका जागी न राहता मागेपुढे हलते. पेट्रोल योग्य ऑक्टेनचेच आहे. दोष कोठे शोधावा?

उत्तर १

डिस्ट्रिब्युटरला (ज्यात पॉइंट असतात आणि जो फिरवून टायमिंग बदलतात) पुन्हा हात लावण्यापूर्वी पुलीवरची खूण खरी आहे का, ते तपासावे. पुलीच्या आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असेल, तर ते जुने झाल्यावर कडी सरकते आणि टायमिंग लाइट चुकीचा आकडा दाखवतो. त्यासाठी बॅटरीची तार सोडून सर्व प्लग काढावेत आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा बोल्ट बसवावा. मग इंजिन हाताने, हळूहळू, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत आधी एका आणि नंतर उलट दिशेने फिरवून दोन्ही ठिकाणी पुलीवर रेघ ओढावी. या दोन रेघांच्या बरोबर मध्यावर खरा टीडीसी असतो.

पॉइंटचा गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम तुम्ही पाळलेलाच दिसतो. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात व टायमिंग पुढे सरकते, म्हणून उलट क्रमाने केलेले काम वाया जाते. टायमिंग पाहताना डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केले होते का, तेही कळवावे.

उत्तर २

मला संशय वेगळ्याच ठिकाणी आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मॅनिफोल्डमधील (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीतील) व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे नॉकिंगच्या वेळी व्हॅक्यूम ॲडव्हान्स (व्हॅक्यूमच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी यंत्रणा) काम करतच नसतो. उरते ते मूळ टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटरमधील, वेग वाढला की बाहेर उघडणाऱ्या वजनांमुळे मिळणारा ॲडव्हान्स. खूण सरकली असती, तर टायमिंग मागे घेतल्यावर आवाज थांबून इंजिन सुधारले असते; तुमच्याकडे मात्र ते निस्तेज झाले. यावरून मूळ टायमिंग बरोबर असून वजने फार लवकर उघडत असावीत, असे वाटते. आयडलिंगलाच वजने अर्धवट उघडत असतील, तर खुणेच्या हलण्याचेही कारण तेच असू शकते, अर्थात शाफ्टचे बुश झिजल्यानेही तसे होते, त्यामुळे शाफ्ट आडवा हलवून खेळ आहे का ते पाहावे.

नळी बंद ठेवून आयडलिंगपासून वेग सावकाश वाढवावा आणि खूण किती वेगाला किती अंशांवर जाते, याची नोंद मॅन्युअलमधील तक्त्याशी ताडून पाहावी. त्यानंतर पॉइंटची प्लेट काढून वजनांवरच्या स्प्रिंग बघाव्यात. अनेक डिस्ट्रिब्युटरांमध्ये या दोन स्प्रिंग मुद्दाम वेगळ्या असतात: पातळ स्प्रिंग सुरुवातीपासून ताणलेली असते, तर जाड स्प्रिंगचे कडे थोडे लांबट ठेवलेले असते, जेणेकरून काही अंश ॲडव्हान्स मिळाल्यावरच ती ओढ धरते. हे ठाऊक नसलेला मनुष्य ती सैल आहे असे समजून बदलतो.

प्रश्नकर्ता

नळी काढून बंद केली होती. पिस्टन अडवून पाहिले, खूण बरोबर आहे. शाफ्टमध्ये जाणवण्याइतका खेळ नाही. मात्र वेग वाढवताना खूण १५०० आरपीएमच्या आतच २४ अंशांवर पोहोचते, तर मॅन्युअलप्रमाणे तेथे सुमारे १६ अंश अपेक्षित आहेत. आत दोन्ही स्प्रिंग सारख्या आणि पातळ निघाल्या. पूर्वी कोणीतरी जोडी बदललेली दिसते. आता स्प्रिंग बदलून पुन्हा १० अंशच ठेवावेत का?

उत्तर २

होय, पण डिस्ट्रिब्युटरच्या क्रमांकाला जुळणारी जोडीच घ्यावी, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स वेगळा असू शकतो. स्प्रिंग बसवताना वजनांच्या खिळ्यांना किंचित तेल द्यावे, रोटर हाताने फिरवून सोडल्यावर तो झटकन मूळ जागी येतो याची खात्री करावी आणि आयडलिंगचा वेग मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणल्यावरच लाइट लावावा. डिस्ट्रिब्युटर फार फिरवू नये: तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याला १ अंश फिरवले की क्रँकवर २ अंशांचा फरक पडतो. नट आवळल्यावर खूण पुन्हा तपासावी, कारण आवळतानाच डिस्ट्रिब्युटर सरकण्याचा संभव असतो. त्यानंतर १५०० आणि ३००० आरपीएमला मिळणारे आकडे कळवावेत.