मदत हवी आहे: न उकरता वाढवायच्या कुंड्यांत माती भुसभुशीत राहण्यासाठी काय मिसळू?

नमस्कार. डोंबिवलीत सोसायटीच्या गच्चीवर माझी भाज्यांची बाग आहे. २०० लिटरचे प्लॅस्टिकचे ड्रम आडवे कापून केलेले आठ अर्धे ड्रम आणि काही ग्रो बॅग. वांगी, टोमॅटो, मिरची, अळू, हळद आणि आईच्या हातचा एक कढीपत्ता, जो मला कुठल्याही परिस्थितीत जगवायचा आहे.

आधी दर मे महिन्यात सगळ्या कुंड्या रिकाम्या करून, माती वाळवून पुन्हा भरायचे. मग नेरळच्या सगुणाबागेतली चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत समजून घेतली. भातासाठी गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. ते मनाला इतकं पटलं की दोन वर्षांपूर्वी मीही उकरणं बंद केलं. पीक संपलं की झाड बुडख्याशी कापते, मुळं आतच ठेवते, वर गांडूळखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र वांग्याची पानं पिवळी पडली आणि ड्रमच्या भोकांतून आंबूस वास येऊ लागला. माती चार बोटं खाली बसली होती. नाइलाजाने एक ड्रम उलटा केला, तर खाली काळा चिकट गोळा, त्यात एकही गांडूळ नाही, आणि मिसळलेला परलाईट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) बराचसा वर तरंगून आलेला. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, कुजून लगदा झालं होतं. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ती अवस्था जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या ड्रमना एक दिवसही मिळाली नाही.

माझं मिश्रण होतं: लाल माती ३ घमेली, कोकोपीट ३, गांडूळखत ३, परलाईट १.

आता चार ड्रम नव्याने भरायचे आहेत. दरवर्षी उकरणार असते तर काहीही चाललं असतं, चूक पुढच्या मे महिन्यात सुधारता आली असती. पण इथे एकदा भरलेलं चार-पाच वर्षं तसंच राहणार आहे. म्हणून नीट विचारून करायचं आहे. हाताशी काय आहे ते सांगते.

परलाईट हलका आहे, पण बोटाने चुरडला जातो आणि वर येतो. व्हर्मिक्युलाईट (अभ्रकासारखं फुगवलेलं खनिज) पाणी फार धरतं असं वाचलं, आमच्या पावसात ते नको वाटतं. भाताचा तूस माणगावच्या भातगिरणीतून पोतंभर मिळतो. कुणी वाळू सुचवतं, पण इथे मिळते ती दगडाच्या भुकटीने भरलेली क्रश सँड. आणि गावच्या घराची जुनी कौलं उतरवून पत्रे घातले, ती कौलं परसात रचून ठेवली आहेत. ती फोडून वापरली तर? वजनाची धास्ती आहे. भिजलेला अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या आसपास जात असणार, म्हणून सगळे ड्रम बीमवरच ठेवले आहेत. तळाला खडीचा थर द्यावा का, हेही सांगा.

प्रतिसाद

ताई, कौलं वापराच. मी पुण्यात बरीच वर्षं बोन्साय करतो आणि आमचा सगळा भर भाजलेल्या मातीवरच असतो. कौल सच्छिद्र असतं, पाणी थोडं धरतं, पण कुजत नाही आणि दबत नाही. तुमच्यासाठी हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सिमेंट किंवा चुना लागलेले तुकडे मात्र बाजूला काढा, त्यांनी माती अल्कधर्मी होते. फोडताना नाकाला फडकं बांधा. तुकडे हरभऱ्याएवढे हवेत. दोन चाळण्यांतून काढा आणि बारीक भुकटी धुऊन टाका, नाहीतर तीच भुकटी छिद्रं बुजवेल. क्रश सँडची अडचण हीच आहे.

तळाला खडी नको. हे बहुतेकांना पटत नाही, म्हणून घरी करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्याने भरून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तोच उभा करा. अजून पाणी गळेल. मातीचंही तसंच. बारीक मातीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर राहतोच, आणि खाली खडी टाकली की तो थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. त्यापेक्षा ड्रम विटांवर उचला आणि तळापासून दोन इंचांवर बाजूलाही भोकं पाडा.

प्रमाण असं ठेवा: दहा घमेल्यांत माती दोन, कोकोपीट दोन, गांडूळखत तीन, कौलाचे तुकडे दोन, तूस एक. गांडूळखत चाळलेलं आणि पूर्ण मुरलेलं हवं. अर्धवट मुरलेलं असलं की तेच खाली बसतं, आणि माती चार बोटं खाली जाण्यामागे मला तेच मोठं कारण वाटतं. तुसात सिलिका भरपूर असल्यामुळे तो सावकाश कुजतो, साधारण एक-दोन वर्षं टिकतो. तोवर जुन्या मुळांच्या नळ्या आणि गांडुळांची बिळं तयार होतात, तुसाची जागा ती घेतात. तूसच घ्या, कोंडा नको, कोंडा लगेच आंबतो. सोबत ड्रममागे दोन मुठी निंबोळी पेंड.

हळद या ड्रममध्ये लावू नका. काढताना उकरावीच लागते. तिला वेगळी ग्रो बॅग द्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. स्पंजचं आत्ताच करून पाहिलं, उभा केल्यावर खरंच धार लागली. खडी रद्द. पण कढीपत्त्याचा ड्रम मला उलटा करायचा नाही. त्याचं काय करू?

प्रतिसाद

तो हलवू नका. बुडापासून वीतभर लांब, कडेकडेने सळईने तळापर्यंत सहा-सात भोकं करा. मूळ लागलं तर जोर न करता जागा बदला. भोकांत कौलाचे तुकडे आणि गांडूळखत अर्धं-अर्धं भरा. हे जूनच्या आत, माती किंचित ओली असताना करा. बाजूची भोकं या ड्रमलाही पाडा.

धागाकर्ती

ठीक. रविवारी माणगावला जाऊन कौलं आणते. तीन ड्रम तुमच्या प्रमाणाने भरते, चौथ्यात तूस अजिबात न घालता कौलं तीन घमेली. ऑगस्टमध्ये दोन्हींतली माती हातात घेऊन फोटोसकट इथेच लिहीन.