चादरीच्या दुकानात कॉम्प्युटरवर स्टॉक: हवा की नको?

नवीपेठकर

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं चादर-टॉवेलचं छोटं दुकान आहे. चाळीस वर्षं अण्णा गल्ल्यावर बसले. यंदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) तोंडावर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुकान माझ्या अंगावर आलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी लातूरहून एक कुटुंब आलं. लग्नात आहेर करायला एकाच नक्षीच्या चोवीस चादरी हव्या होत्या. सतरा सापडल्या. अण्णांना फोन लावला, लागायला वेळ गेला. मग म्हणाले, "माळ्यावर, खिडकीकडची थप्पी, खालून तिसरी गाठ." गाठ सोडली तर आत नऊ निघाल्या! पण तोवर ती मंडळी पुढच्या दुकानात गेली होती.

त्याच थप्पीच्या तळाशी काही टॉवेल सापडले, घडीच्या रेघेवर पिवळे पडलेले. उलगडले की रेघ तशीच राहते, धुतली तरी जात नाही. कधी आले, कितीला घेतले, कुणालाच माहीत नाही.

माझं मत झालंय की दुकान कितीही लहान असो, बिल आणि स्टॉक कॉम्प्युटरवरच पाहिजे. आज सगळं दुकान एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि त्या माणसाला आता जिना चढवत नाही. घरात मात्र अण्णा आणि काका दोघेही विरोधात आहेत. तुमचं काय मत?

चाटीगल्लीवाला

साफ नको. हे अनुभवानं सांगतोय.

आम्ही तीन वर्षांपूर्वी बसवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. तोवर चादर-टॉवेलला नगाला हजारापर्यंत पाच टक्के आणि वर बारा होते. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंत पाच आणि त्याच्या वर अठरा झाले. नेमकी घटस्थापना. तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या सकाळपासून दारात. आमचं मशीन मात्र अकराशेच्या चादरीला बाराच टक्के लावत बसलं. ज्यानं बसवून दिलं त्याचा फोन दोन दिवस लागला नाही. शेवटी जुनं बिलबुक काढलं आणि हातानं लिहिलं. वहीत दर बदलायला काय लागतं ओ? पेन.

दुसरं, आपला माल बिस्किटाचा पुडा नाही. गिऱ्हाईक चादर हातात घेतं, वजन बघतं, उलटीकडून वीण बघतं, मग भाव करतं. सहा घेतल्या तर एक भाव, जुन्या गिऱ्हाइकाला वेगळा. मशीनमध्ये एकच भाव घातलेला. दर वेळी सूट टाका, पासवर्ड टाका. पुन्हा वर्षाला पैसे भरा ते वेगळंच.

अण्णांच्या डोक्यातलं सगळं मशीनमध्ये येत नसतं. त्यांच्याजवळ बसून शिका की जरा.

शेंगाचटणी

दादा, तुमचा माल पडून राहिला तर पिवळा पडतो, माझा खवट होतो! माझं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं दुकान आहे, पाकिटं मुंबई-पुण्याला जातात. चटणीत दाण्याचं तेल, त्यात उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी पार. आधी केलेलं आधी गेलंच पाहिजे. वहीत "चटणी, ४० पाकिटं" एवढंच लिहिलेलं असायचं. त्यातली मागच्या महिन्याची किती, कोण सांगणार? पोरं समोरचं पाकीट उचलायची आणि मागचं मागंच राहायचं. आता पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख आहे, कुठली बॅच किती उरली ते मोबाइलवर दिसतं.

पण सुटी चटणी मी मशीनमध्ये घालत नाही. दहा किलो कुटली तर विकताना दहा भरत नाही. चमच्याला लागते, चवीला दिली जाते, तराजूत झुकतं माप जातं. तो हिशेब जुळवण्यात मी दोन महिने रात्री जागले आणि शेवटी सोडून दिला.

जमाखर्च

मी पेठेतल्या छोट्या दुकानांचे हिशेब बघतो. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. ३१ मार्चला मी विचारतो, "शिल्लक माल किती?" उत्तर येतं, "मागच्या वर्षीएवढाच धरा." शिल्लक अंदाजानं धरली की नफाही अंदाजाचाच झाला, आणि त्यावर कर भरायचा. पडून राहिलेला, रेघ पडलेला माल वर्षानुवर्षं पूर्ण खरेदी भावानं शिल्लक दाखवणारी दुकानं मी पाहिली आहेत. कागदावर नफा असतो आणि गल्ला रिकामा.

मात्र सगळ्यांना एकच औषध नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या योजनेत असाल (उलाढाल दीड कोटीपर्यंत) तर व्यापाऱ्याला एक टक्का कर, तिमाहीला सीएमपी-०८ हा फॉर्म आणि वर्षाला जीएसटीआर-४ हे विवरणपत्र. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही. तिथं बिलासाठी सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं. पण जीएसटी नोंदणी असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांना टॉवेल देत असाल तर ते क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मागतात, म्हणजे नियमित नोंदणी आणि नीट टॅक्स इनव्हॉइस आलं. तिथं हातानं लिहिण्याचा हट्ट महाग पडतो.

चाटीगल्लीवाले, तुमच्या घटस्थापनेच्या गोंधळाबद्दल वाईट वाटलं. पण दर बदलायची जागा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दुकानदारालाही उघडता येते. ती कुठं आहे, हे बसवून घेतानाच समोर करून बघायला हवं होतं.

चाटीगल्लीवाला

मान्य, आम्ही विचारलं नव्हतं. पण ते आपणहून सांगायचं काम कुणाचं? पैसे घेताना सगळे हजर असतात.

काउंटरवरची

मी टॉवेलच्या दुकानात कामाला आहे. मालकांनो, आमचंही ऐका. मशीनवर ४८ दिसतात, कप्प्यात ४६ भरतात, की पहिली नजर आमच्याकडं. कारखान्यातून दोन कमी आले असतील, घाईत निळ्याच्या जागी हिरव्याचं लेबल स्कॅन झालं असेल, हे कुणी बघत नाही. आमच्याकडं एकाच्या पगारातून पैसे कापले, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते दोन टॉवेल फळीच्या मागं सापडले. तोवर तो सोडून गेला होता.

मशीन आणा, पण माल उतरतानाच आमच्यासमोर नग मोजा आणि चलनावर आमचीही सही घ्या. आणि लेबल ऊन येतं त्या कप्प्यात लावू नका. थर्मल प्रिंटरचा (शाईऐवजी उष्णतेनं उठवलेला) छाप उन्हानं उडतो, मग स्कॅनर नुसता टुकटुक करतो आणि गिऱ्हाईक आमच्यावर चिडतं.

नवीपेठकर

काउंटरवरची ताई, पगार कापण्याचं वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडं दोन पोरं आहेत. चलनावर सहीचं उद्यापासूनच सुरू करतो.

चाटीगल्लीवाले काका, भाव करणं मी मशीनला देणारच नाही. खालचा भाव आत आणि वरचा बाहेर ठेवीन, मधलं बोलणं आमचं. पण "शिका की जरा" हे मनाला लागलं. म्हणून काल अण्णांना खुर्चीवर बसवून दुकानात आणलं. एक-एक चादर काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. ते नाव सांगत गेले, मी टाइप करत गेलो. तेव्हा कळलं की खरी अडचण नावांची आहे. चलनावर डिझाइन नंबर असतो, अण्णा त्याच चादरीला "मोराची" म्हणतात आणि पोरं "ती निळी". एका मालाची तीन नावं, आणि कुठल्याच दोघांची सारखी नाहीत. सॉफ्टवेअर फुकटचं असो की महागाचं, हे आधी केल्याशिवाय त्यात घालणार काय? आता तिन्ही नावं एकाच ओळीत घातली आहेत, कुठल्याही नावानं शोधलं तरी सापडतं.

चार तासांत दोन कप्पे झाले. एका चादरीवर अण्णा थांबले, काठावरून हात फिरवला आणि म्हणाले, ज्या मागावर ही निघायची तो आता बंद झाला, ही विकू नको. तिचा नग मी शून्य घातला आणि चादर घरी नेली.

रविवारी माळा उतरवतोय. जमाखर्च साहेब, रेघ पडलेल्या टॉवेलांचा भाव कसा धरायचा ते जरा सविस्तर सांगा, ३१ मार्चच्या आत.