ऊसतोड टोळीवर चित्रमालिका करतोय, माध्यम आणि चेहऱ्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, रेखा व रंगकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनासाठी ऊसतोड कामगारांवर मालिका चालू आहे. आमचा घरचाच ऊस असल्यामुळे बीडकडची टोळी आमच्याच फडात भेटते, स्केचिंगला लांब जावं लागत नाही. अडचणही तिथंच आहे.

चारकोलमध्ये बरंच काम झालंय. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. मोळी इतकी पुढे येते की चेहरा सावलीत जातो. दिसते ती ताठ मान आणि फळीला रोवलेली पायाची बोटं. कागदावर हे फार देखणं उतरतं. सर म्हणाले, "कॅलेंडर होतंय." मग रेषा मुद्दाम राकट केल्या, तर म्हणाले, "हे पोस्टर झालं." (तिसरं मत यायचंय.)

दुसरं असं की, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) दोघांनी फेडायची, खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांतही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारनं चौकशी समिती नेमली. तो वगळून मालिका अर्धवट वाटते. पण मी पडलो मुलगा, त्यात रानमालकाचा. कुणाला विचारणार? आणि विचारावंच का?

घरी वेगळंच. वडील म्हणतात, "खुशाली दिल्याशिवाय कोयता लागत नाही, एंट्री दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तेही काढ की." (खुशाली म्हणजे तोडणीसाठी टोळीला वरून द्यावे लागणारे पैसे, एंट्री म्हणजे ऊस नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचे.) त्यांचंही खोटं नाही.

टोळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "आमचं काय काढतोस, आमच्या बैलाचं काढ." काढलं. आता त्यांना ते हवंय, पण हात लागला की पुसला जाणारा चारकोल कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, टिकणार कसा? लिनोकटकडे (लिनोलियम कोरून कागदावर ठसे काढणं) वळू का? चेहरे दाखवावेत का? जाणकारांनी सांगावं.

काळा_रोलर:
लिनो कर. ठसे कितीही निघतात, एक मावशींना, एक प्रदर्शनाला. छपाईचा प्रेस नसेल तर कागद चमच्याच्या पाठीनं घास. फक्त आधी चित्र उलटं करून घे, नाहीतर सगळी टोळी डावखुरी होईल.

देखणं दिसतंय म्हणून घाबरू नकोस. जर्मन चित्रकर्ती केथे कोलविट्झनं स्वतःच लिहून ठेवलंय की कामगारांकडे ती आधी वळली ती ते सुंदर वाटले म्हणून. नवरा बर्लिनच्या गरीब वस्तीत डॉक्टर होता. त्याच्याकडे येणाऱ्या बायकांशी ओळख वाढली, तसं तिला त्यांचं जगणं कळत गेलं. विणकरांवरची तिची मालिका १८९८ मध्ये बर्लिनला लागली. परीक्षकांनी सुवर्णपदकाची शिफारस केली, ती कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, फेटाळली. ती चित्रंही देखणीच आहेत रे. तुझ्या सरांना दाखव.

शस्त्रक्रियेच्या विषयासाठी बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची १९७१ च्या सुमाराची 'वुंड्स' मालिका बघ. पांढऱ्या लगद्याचा कागद, त्यावर नुसते चिरे आणि व्रण. माणूस कुठेच नाही. तुझ्याकडे तर लगद्यासाठी चिपाड फुकट आहे!

फडावरची_लेक:
माझं लहानपण कोपीत गेलंय, म्हणून लिहिते. चेहरा काढायचा तर त्या बाईला विचारून काढ आणि चित्राखाली तिला चालत असेल तर नाव घाल. आम्हाला लोक कायम 'टोळी' म्हणूनच बघतात. ऑपरेशनबद्दल तू विचारू नकोस, हे बरोबर. पण आमच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचे कागद असायचे, दरवर्षी बीडहून फडावर आणि परत. माणसाऐवजी तसली पिशवी काढलीस तरी बघणाऱ्या बाईला कळेल.

खुशालीचं जरूर काढ. शेजारी टनाला तोडणीचा दर काय मिळतो तेही लिही, म्हणजे हिशोब पुरा होईल. आणि बैलाचं चित्र प्रदर्शनात लाव, कोपऱ्यात नको.

धागाकर्ता:
@फडावरची_लेक ताई, पिशवीचं डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. मावशींना नावाबद्दल उद्याच विचारतो, दराचंही मुकादमाकडून नको, त्यांच्याकडूनच घेतो.
@काळा_रोलर दादा, गुऱ्हाळावरून चिपाड आणलंय. ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचं ना? घरी चालेल का?

काळा_रोलर:
घरी अजिबात नको. कॉलेजात सरांसमोर, हातमोजे आणि चष्मा घालून. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नकोस, सोडा ते खातो; स्टीलचं घे. आधी चिपाड बोटाच्या पेराएवढं कापून रात्रभर भिजव. शिजल्यावर पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धू, मगच कुटायला घे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, जमलं तर लगदा कसा गाळतात ते बघून ये. पहिला कागद जाड येईल, त्यावरच चिरे मारून बघ.