वॉर्ड, विभाग आणि प्रभाग: कुठला शब्द कशासाठी?

लालबागकर
मुंबईत आपण ‘वॉर्ड’ हा एकच शब्द दोन गोष्टींना लावतो. कचरा उचलला नाही की ‘वॉर्डात जाऊन तक्रार कर’ म्हणतो, तो अक्षरांचा वॉर्ड: एफ साउथ, जी नॉर्थ. निवडणूक आली की ‘आपला वॉर्ड कितवा?’ विचारतो, तो आकड्याचा, म्हणजे कागदोपत्री ‘प्रभाग’. असे आकडे 227.

2022 च्या फेब्रुवारीत प्रारूप प्रभाग रचना (प्रभागांच्या नव्या हद्दींचा आराखडा) आली, तेव्हा आईने चाळीत सांगितलं, ‘आपला वॉर्ड बदलतोय.’ दोन म्हाताऱ्या शेजारणी धास्तावल्या. पाण्याचं बिल, नातवाचा जन्मदाखला, सगळ्यासाठी आता लांब जावं लागणार! खरं तर वॉर्ड ऑफिस तेच राहणार होतं, चाळ फक्त शेजारच्या प्रभागात जाणार होती. हा उलगडा होईपर्यंत हरकती-सूचनांची मुदत संपली. ‘प्रभाग’ शब्द आपल्या तोंडी का बसत नाही? मुळात त्याचा अर्थ काय?

गिरगावकर
शब्द सरकारी वाटतो, पण जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अपूर्णांकांचे प्रकार दिलेत, त्यात ‘प्रभागजाती’ येते. अपूर्णांकाचा अपूर्णांक, जसं अर्ध्याचा पाव. म्हणजे प्रभाग हा भागाचा भाग.

मुंबईला हा अर्थ चपखल लागू पडतो. पालिकेच्या मराठी कागदांत अक्षरी वॉर्डाला ‘विभाग’ म्हणतात: ‘डी विभाग’, ‘जी/उत्तर विभाग’. शहराचे विभाग, विभागाच्या पोटात प्रभाग. इंग्रजीत दोन्हींना वॉर्डच म्हणत आल्यामुळे आपलीही जीभ तिथेच अडकली. (अक्षरं ए पासून टी पर्यंत असली तरी त्यांत आय, जे, ओ, क्यू नाहीत. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं.)

ठाणेकर
‘भागाचा भाग’ हे मुंबईपुरतं ठीक. ठाण्यात एका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडून येतात, जागांना अ, ब, क, ड अशी नावं. मतदाराने चारही जागांसाठी बटण दाबायचं, एखाद्या जागेसाठी कोणी पसंत नसेल तर नोटा. लोक या सगळ्याला ‘पॅनल’ म्हणतात. आत्याला परळहून ठाण्यात आल्यावर पहिल्याच मतदानात प्रश्न पडला होता: ‘चौघांपैकी माझा नगरसेवक कोण?’ शब्द तोच, पण मुंबईत त्याच्यामागे एक माणूस उभा असतो आणि आमच्याकडे चार.

याचं कारण कायदे दोन आहेत. मुंबईला 1888 चा स्वतंत्र अधिनियम, बाकीच्या महापालिकांना 1949 चा. तो दुसरा कायदा विधिमंडळ सारखं बदलत राहतं. पुण्याचंच पाहा: 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला एक, 2012 ला दोन, 2017 ला चार. दर निवडणुकीला अर्थ बदलत असेल तर शब्द रुजणार कसा? माझ्या मते दोष लोकांच्या जिभेचा नाही.

लालबागकर
पटलं. मुंबईतही 2021 च्या अखेरीस कायदा बदलून प्रभाग 227 चे 236 केले, आमच्या शेजारणींना धास्ती घालणारा आराखडा त्याच 236 चा. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे दिला, आणि ऑगस्टमध्ये आकडा परत 227. त्या आराखड्यावर निवडणूक झालीच नाही.

गिरगावकर
म्हणूनच ‘प्रारूप’ हा शब्दही समजून घ्यायला हवा. प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा, अजून बदलता येणारा. लोकांना वाटतं, सरकारने छापलं म्हणजे ठरलं. हरकत घ्यायची ती प्रारूपावर, अंतिम रचना आल्यावर पालिकेच्या दारात जाऊन उपयोग नसतो.

बोलीतले शब्द मात्र मला टाकवत नाहीत. ‘आमचा वॉर्ड फुटला’, ‘वॉर्ड महिला झाला’, ‘वॉर्ड ओपन पडला’. आरक्षणाच्या सोडतीच्या दिवशी नाक्यानाक्यावर हेच ऐकू येतं. ‘प्रभाग सर्वसाधारण महिलांसाठी आरक्षित झाला’ असं कोणी बोलणार नाही, बोलूही नये.

ठाणेकर
बोलताना वॉर्ड राहू द्या. पण चाळीच्या सूचना फळ्यावर लिहिताना, हरकतीचा अर्ज करताना प्रभागच लिहा आणि पुढे क्रमांक घाला. नुसतं ‘आमचा वॉर्ड’ लिहिलेला अर्ज कुठल्या टेबलावर जाईल सांगता येत नाही.

लालबागकर
चाळीच्या फळ्यासाठी दोन ओळी लिहून ठेवल्यात, पुढचा आराखडा आला की लावेन: ‘आपला प्रभाग बदलण्याचा प्रस्ताव आहे, वॉर्ड ऑफिस तेच राहील. हरकत घ्यायची शेवटची तारीख ______.’ तारखेची जागा रिकामी ठेवली आहे. आईने वाचून पाहिलं, तिला लगेच कळलं.